मागच्या पडवीतली दोरी

हिराला घेऊन आमची अँब्युलन्स गोव्याच्या इस्पितळातून देवबागला पोचली तेव्हा उन्हं चढली होती. माझी बायको पहाटेच गेली होती. गावात मी कोणाला फोन केला नव्हता. माझा भाऊ निकेत पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागे तिच्यापाशी. देवबागला रस्ता एकच, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. शाळेजवळ गाडी थांबली. काचेतून बघितलं तर रस्त्यावर बायकांची रांग. साडीवरच गुलाबी टी-शर्ट चढवलेले आणि प्रत्येकीच्या छातीवर लिहिलेलं, ‘मी कॅन्सरला हरवलं’.

क्षणभर मला वाटलं, बातमी पोचली आणि ह्या हिरासाठी आल्या. पण त्या फोटोसाठी उभ्या होत्या. ट्रस्टच्या व्यायाम वर्गाचा त्या दिवशी समारोप होता. मांडव अर्ध्या रस्त्यात घातला होता.

आमच्या वाडीचा पुढारी आबा हातात माईक घेऊन धावत आला.

“मेल्यानू, गाडी मागे घेवा! मुंबयसून पावणे येतत.”

“आबानू, आत वयनी आसा,” निकेत म्हणाला.

“मगे उतरान घे तिका. पयला भाषण तिचाच आसा.”

निकेतने मागच्या काचेकडे बोट केलं. आबाने मागे येऊन काचेतून आत बघितलं. “अरे देवा, मेली ही,” तो म्हणाला. माईक चालूच होता. हिरा गेल्याचं गावाला असं कळलं.

रांग बाजूला झाली. थोड्या वेळाने त्याच बायका घरी आल्या. टी-शर्ट कोणीही काढला नव्हता. पाहुण्यांसमोर परत उभं राहायचं होतं ना. ‘मी कॅन्सरला हरवलं’ असं छातीवर लिहून त्या माझ्या बायकोभोवती बसून रडल्या. त्यांतल्या एकीलाही कॅन्सर झालेला नव्हता. एक सोडून. तिचं पुढे सांगतो.

आधी त्या वर्गाचं. हिराचं छातीच्या उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, आणि नंतर हात सुजायला लागला. मालवणच्या बाजारात मासे विकणारी बाई ती. हात खांद्याच्या वर जाईना. डोक्यावरची पाटी उतरवायला दुसरीला हाक मारावी लागायची. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, नाहीतर हात असाच राहील. शिकवणारं माणूस जवळपास कुठे नव्हतं. मग पुण्याच्या एका ट्रस्टने सृष्टी नावाची मुलगी पाठवली. कॅन्सरमधून उठलेल्या बायकांसाठी दर गुरुवारी वर्ग, रबरी पट्टे, चहा-भजी, वर टी-शर्ट. अट एकच. वर्गात पंचवीस बायका दिसल्या पाहिजेत.

पंचवीस कुठून येणार? हा आजार आमच्याकडे कोणी सांगत नाही. घरात लग्नाची पोर असेल तर मुळीच नाही. बाई मुंबईला भावाकडे जाते, डोक्यावरचे केस घालवून येते आणि तिरुपतीला गेले होते म्हणून सांगते. गावही मान डोलावतं. पुढच्या महिन्यात तिच्या पोरीचं स्थळ मोडतं. हिरा उघड सांगायची, कारण आम्हाला मूल नाही. आमचं काय मोडणार?

“बायका मी आणतंय,” आबा म्हणाला. आणल्याही. स्वतःची बायको, दोन सुना आणि सगळा बचत गट. धडधाकट बायका पुढच्या रांगेत, आणि जिच्यासाठी वर्ग ती मागे खांबाआड.

“आबानू, तुमच्या बायलेक कधी झालो ओ कॅन्सर?” हिराने एकदा विचारलं.

“कॅन्सर नाय गो. टी-शर्ट झालो!”

सगळे हसले. हिराही हसली. मी घरी आल्यावर तिला म्हटलं, असल्या तमाशाला जाऊ नको.

“तेंका टी-शर्ट होयो, माका हात होयो,” ती म्हणाली. “जांवदे माका.”

सृष्टीला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. हात आकाशाला लावून टाळ्या पिटणाऱ्या बायका तिला दिसत होत्या. तिने एकीलाही विचारलं नाही. पंचवीस भरले की तिचं काम झालं. पण खोटं लिहिणार नाही, व्यायामाने हिराला गुण आला. फळीवरचा मिठाचा डबा ती स्वतः काढायला लागली.

त्या गर्दीत एक खरी होती. तिचं नाव मी यशोदा लिहितो. खरं नाव वेगळं आहे, आणि ती कुठल्या वाडीची तेही लिहीत नाही. आबाने तिला धडधाकट म्हणूनच आणली होती. बेळगावला पिशवीचं ऑपरेशन झालं असं तिने सगळ्यांना सांगितलेलं. हात वर करा म्हटलं की तिचा डावा हात खांद्याशी थांबायचा आणि ती मोठ्याने हसायची. “माका काय झालाहा? मी कित्याक मरमर करू?” हिराने ते एकदा बघितलं आणि ओळखलं. वर्ग सुटल्यावर तिला एवढंच म्हणाली, “दुपारची येत जा. मागल्या दारान.”

तेव्हापासून यशोदा आमच्या मागच्या पडवीत यायची. कोकमं फोडायला येते, असं बाहेर सांगायचं ठरलं होतं. मलाही तेच सांगितलं होतं. कोकमांचा हंगाम पावसाआधी संपतो, हे मला दिवाळीत सुचलं. डोकावलो तर दोघी समोरासमोर बसलेल्या, मध्ये माझ्या जाळ्याची जुनी दोरी. एकीने ओढायचं, दुसरीने धरून धरून सोडायचं. मग उलट.

“कोकमा बरी फुटतत,” मी म्हटलं.

यशोदा पदर सावरून उठली. “बस गो,” हिरा म्हणाली. “ह्यो कोणाक सांगूचो नाय. आणि सांगल्यान तरी ह्येचा ऐकता कोण?”

पुढच्या उन्हाळ्यात हिराला खोकला लागला. आजार फुप्फुसात गेला होता. गोव्याच्या इस्पितळात शेवटच्या दिवसांत तिने माझ्याकडे एकच मागितलं. घराचं नाही, होडीचं नाही.

“यशोदा येतली,” ती म्हणाली. “तिका परत धाडू नको. तिचो हात रवलो तर रवलोच. दोरी धरूक कोणतरी व्हया.”

मी हो म्हटलं.

बाराव्याला सृष्टी आली. गुलाबी टी-शर्टातला हिराचा फोटो चौकटीत घालून आणला होता, आणि रबरी पट्ट्यांचं एक खोकं. डोळे पुसून म्हणाली, “काका, प्रकल्प संपला, पण व्यायाम थांबायला नको. मोबाईलवर व्हिडिओ आहेत.”

“कोण करणार?”

“पंचवीस जणी तयार झाल्यात ना आपल्या.”

फोटो मी तिच्याच हातात परत दिला. खोकं राहिलं. खाऱ्या वाऱ्याने पट्टे चिकट झाले आणि ओढले की तुटायला लागले. टी-शर्टांचं म्हणाल तर आबाचा मुलगा होडीचं इंजिन त्यांनीच पुसतो. ट्रस्टच्या पुस्तकात आमचं गाव यशस्वी म्हणून छापलं आहे. पंचवीस हसऱ्या बायका, मध्ये आबा.

त्यानंतर काही दिवसांनी यशोदा मागच्या दाराने आली. दोरी खिळ्यावरच होती.

“भावजी, दुसरा टोक धरशात काय?”

“मी एकटो माणूस,” मी म्हटलं. “तू मागल्या दारान येतलंस. लोक काय म्हणतीत?”

“लोक म्हणतीत, कोकमा फोडतत.” ती हसायला गेली. मी हसलो नाही, म्हणून तिनेही सोडून दिलं.

खांबाला बांधून ओढ, असं मी सांगितलं. तिने दोनदा करून बघितलं. खांब दोरी सोडत नाही. मग डॉक्टरला तरी सांग, सृष्टीला फोन कर, म्हटलं.

“पोरग्येचा लगीन होवंदे. मगे ह्या गावात माईक लावन सांगतंय.”

त्यानंतर ती आली नाही.

मी चहाच्या टपरीवर बसून सांगतो की या गावाला मी कवडीची किंमत देत नाही. लोक ऐकतात आणि हसतात. मग मी घरी येतो आणि मागच्या दाराची कडी घालतो, त्याच लोकांच्या भीतीने. आबाने रोगी नसलेल्या बायका पुढे बसवल्या. मी रोगी बाईला दारातून परत पाठवली. दोघांत आबा निदान चहा-भजी देत होता.

काल यशोदा बाजारात दिसली. डावा हात पदराखाली होता. पदर वाऱ्याने उडाला तेव्हा बघितलं, बोटांपासून कोपरापर्यंत सूज आली आहे. तिच्या पोरीचं लग्न मे महिन्यात आहे.

दोरी खिळ्यावर आहे. तिचं दुसरं टोक मी अजून धरलेलं नाही.