सहा वीणा उंच भिंत

शहाण्णवच्या ख्रिसमसला अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडची निम्मी मराठी मंडळी हवाईला गेली. आम्ही गेलो पेरूला, त्रुहियो नावाच्या समुद्रकाठच्या शहरात, चानचान या उजाड नगरीच्या शेकडो वर्षांपूर्वीच्या मातीच्या भिंती बघायला. माझ्या नवऱ्याला, मनोहरला, पडक्या गोष्टींचं भारी वेड. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि आम्ही ढेकळांत. पहिला दिवसभर मी तोंड फुगवून होते.

दुसऱ्या दिवशी मनोहर म्हणाला, "वीणा, तिथे उभी राहा," आणि त्याने माझा फोटो काढला. मग आणखी एक. लग्नाला सोळा वर्षं झाली. या माणसाने धरणांचे फोटो काढले, नव्या गाडीचे काढले, त्यात माझं कोपर आलं तरी नशीब. इथे मात्र प्रत्येक भिंतीपुढे मी. खरं सांगते, विरघळलेच. रोज नवा ड्रेस घालू लागले.

परतल्यावर एका पावसाळी रविवारी पद्मिनी आणि तिचा नवरा गुरुनाथ जेवायला आले. जेवणाआधी स्लाइड्स. क्रम मनोहरने लावला होता, प्रोजेक्टरचं बटण माझ्याकडे.

"किती छान काढलाय गं तुझा फोटो," पद्मिनी म्हणाली. मी लाजले.

"ती स्केलसाठी आहे," मनोहर म्हणाला. "वॉलची हाइट कळायला शेजारी कोणीतरी लागतं. वीणा एक्झॅक्ट पाच फूट. म्हणजे ही वॉल साधारण सहा वीणा."

पद्मिनी माझ्याकडे बघेना. गुरुनाथला मात्र चेव आला. "यार मनोहर, हे देऊळ किती वीणा?" असं तो प्रत्येक स्लाइडला विचारू लागला. म्हणजे इतके नवे ड्रेस मी एका फूटपट्टीला चढवले होते. मला रडू येत होतं. मनोहरला आज श्रीखंड वाढायचं नाही, हे मी सातव्या स्लाइडला ठरवलं.

शेवटच्या स्लाइडमध्ये भिंतच नव्हती. टपरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मी मासा खात होते, तिखटाने नाक लाल, तरी हसत. हा फोटो कधी काढला, मला पत्ताच नव्हता.

"इथे काय मोजलंस?" गुरुनाथने विचारलं.

मनोहर चष्मा पुसू लागला. "काही नाही. रोल संपवायचा होता."

सगळे जेवायला उठले. मी ती स्लाइड काढून हातात घेतली. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर फोटोचा नंबर छापलेला असतो. आमचा एकच रोल होता, छत्तीस फोटोंचा. यावर नंबर होता अकरा.

मनोहरला मी श्रीखंड दोनदा वाढलं. का, ते सांगितलं नाही.