मध्येच थांबलेली सनई

आ-खुन वयानं माझ्याहून मोठा, पण कामात मी जुनी, म्हणून तोच मला ताई म्हणायचा. वीस वर्षं त्यानं तैवानमधल्या आमच्या ताइनान शहराच्या गल्लीबोळांत वडिलांच्या ताफ्यात सनई वाजवली, देवाच्या पालखीपुढे आणि प्रेतयात्रेपुढेही. मग गडी सॉफ्टवेअर शिकला आणि आमच्या ऑफिसात तीन महिन्यांच्या बोलीवर लागला. सनईवाल्याला घ्यायचा हट्ट माझाच. हुशार होता, पण एक खोड वाईट. चूक झाली तरी थांबायचा नाही. ती तशीच दडपून पुढचं लिहीत सुटायचा आणि आठवड्यानं आम्ही डोकं आपटत बसायचो.

"अरे, इथे सूर चुकला की थांबायचं आणि बोंब मारायची!" मी खेकसायचे.

"ताई, बाबा म्हणतात, वाजवणारा थांबला नाही तर ऐकणाऱ्याला चूक कळत नाही."

"मग जा बाबांकडेच!"

म्हणायचे खरी, पण तो गेला असता तर मला फार वाईट वाटलं असतं.

शेवटच्या दिवशी त्याचं काम दाखवायचं होतं. भक्तांनी घरबसल्या देवळात आपल्या नावाचा दिवा लावायचा, असं ते काम. देवळाचे कारभारी कुओ साहेब आले आणि सोबत ताफ्याचे प्रमुख म्हणून खुद्द आ-खुनचे वडील. काम पसंत पडलं तर आ-खुन कायम, नाहीतर पुन्हा सनई.

कुओ साहेबांनी बायकोचं नाव घातलं. पडद्यावर एक दिवा लागला. साहेब खूश, आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आ-खुन उठला.

"थांबा. हा दिवा यादीतल्या शेजारच्या नावावर लागलाय. माझी चूक आहे."

सर्व्हरनं शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर आम्ही खाऊची हिरवी पुडी ठेवतो. सगळ्यांनी आधी तिच्याकडे बघितलं. पुडीची मुदत संपली की सर्व्हर बिघडतो म्हणतात, म्हणून एकीनं उठून तारीखही वाचली. पुडी ताजी होती, म्हणजे चूक माणसाचीच.

"बस खाली, गाढवा!" म्हातारा दात-ओठ खात पुटपुटला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळलंय?"

"मला कळलंय, बाबा."

कुओ साहेबांनी डोळे वटारले. "म्हणजे माझ्या बायकोचं पुण्य शेजारणीला? चहा मागवा. तिच्या नावाचा दिवा बघितल्याशिवाय घरी जायची माझी छाती नाही."

चहा संपायच्या आत आ-खुननं दुरुस्ती केली. मी तिथल्या तिथे त्याला कायम केलं.

म्हातारा माझ्याजवळ आला. "बाई, हा आता ताफ्यात परत येणार नाही ना?"

"नाही, काका."

"बरंच झालं. असा मध्येच थांबायला लागला, तर आमचं प्रेत उठून विचारेल, काय झालं रे?"

मग तो पडद्यासमोर बसला, एका बोटानं मुलाचं नाव घातलं आणि दिवा खरंच त्याच्याच नावावर लागलाय ना, ते चष्मा वर-खाली करत कितीतरी वेळ तपासत राहिला.