बुधवार नऊचा रिकामा हूक

मी एक जुना पाळीचा फळा आहे, आणि माणसं मला फारशी आवडत नाहीत. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुमचा गैरसमज नको.

मी मूळचा कपाटाचा दरवाजा. एका सुताराने मला बिजागरीतून काढलं, रंधा मारला, हिरवा रंग दिला आणि माझ्यात बेचाळीस हूक ठोकले. आडवे सात, कारण आठवड्याचे वार सात. उभे सहा, कारण दिवसाचे कार्यक्रम सहा. मग त्याने मला वस्तीच्या रेडिओ केंद्रात, स्टुडिओबाहेरच्या बोळात टांगलं.

या केंद्रात पगार कुणालाच नाही. शिंपीण, नर्स, वायरमन, निवृत्त ग्रंथपाल, सगळे आपापलं काम सांभाळून येतात. मालक नाही, म्हणून नियम लागतात, आणि ते माझ्यावर चालतात. प्रत्येकाच्या नावाचा पत्र्याचा एक बिल्ला आहे. ज्या वारी, ज्या वेळी तुम्ही बोलणार, त्या हुकावर तुमचा बिल्ला. आपला बिल्ला आपल्याच हाताने लावायचा, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी हूक रिकामा दिसला, तर यंत्रावर बसलेल्याने राखीव रेकॉर्डिंग लावायचं. हवेत शांतता जाता कामा नये.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, "वा! एका नजरेत सगळं केंद्र कळतं." मला तेव्हाही हसू यायचं. माझ्याकडे बघून फक्त बिल्ले कळतात. कोण कुणाचं तोंड बघत नाही, ते माझ्यावर कुठे लिहिलंय?

बुधवारी सकाळी नऊचा हूक अकरा वर्षं शिंपीणबाईंचा होता. त्यांना सगळे वहिनी म्हणायचे. येताना त्या पाणी खात्याच्या कचेरीतून सूचनांचा कागद घ्यायच्या आणि नऊला वाचायच्या. पाणी कधी येणार, रस्ता कुठे बंद, कुणाची पिशवी हरवली. त्यांच्या सासूबाई कंबरेचं हाड मोडल्यामुळे घरी पलंगावर होत्या. सूनबाईंचा आवाज सुरू झाला की त्या हाडांची, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी घ्यायच्या. हेच त्यांचं घड्याळ.

यंदा समन्वयक म्हणून निवडून आल्या त्या वहिनींच्या सख्ख्या नणंदबाई. सगळ्यांच्या ताई. त्यांना नऊ वाजता मुलाखती हव्या होत्या, पुढच्या आठवड्यापासून. पण माझ्यावर पुढचा आठवडा दाखवायला जागाच नाही. माझ्यावर जे आहे ते आत्ताचं. ताईंनी एवढा विचार केला नाही. वहिनींचा बिल्ला काढून त्यांनी शुक्रवार दुपारी तीनच्या हुकावर अडकवला. कुणाला विचारलंही नाही.

बुधवारी पावणेनऊला वहिनी आल्या आणि माझ्यासमोर थबकल्या.

"माझ्या बिल्ल्याला हात कुणी लावला?"

"मी लावला," ताई कचेरीच्या दारातून म्हणाल्या. "तुम्ही आता शुक्रवारी तीनला."

"तीनला कोण ऐकतं? झोपलेली मांजरं?"

"मांजरं निदान उलट उत्तरं देत नाहीत, वहिनी."

"घरात वीस वर्षं माझ्या डब्यांच्या जागा बदलल्यात. आता इथेही सुरू का?"

"डबे जागेवर असते तर बदलले असते का?" असं म्हणून ताईंनी दार लावून घेतलं. आजचं तर वहिनी वाचतीलच, असं त्या धरून चालल्या होत्या.

वहिनी वाचायला गेल्या नाहीत. माझ्यासमोरच्या बाकावर बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. कागद पर्समध्ये. बोलवायला येतील, तेव्हा बघू, असा चेहरा.

यंत्राच्या खोलीला छोटी काच आहे. वायरमन त्यातून मला बघतो. काचेच्या बरोबर खाली असलेला बाक मात्र त्याला दिसत नाही. त्याने हूक रिकामा पाहिला आणि नियमाप्रमाणे राखीव रेकॉर्डिंग लावलं. त्यात तारखेचं काही असू नये, अशी पद्धत. पण या लोकांना स्वतःचं केंद्र ऐकायचा कंटाळा. महिन्यापूर्वी हाताला लागलेला एक कार्यक्रम त्याने न ऐकताच राखीव म्हणून भरून ठेवला होता.

बोळातल्या स्पीकरमधून वहिनींचाच आवाज आला. "नमस्कार मंडळी. टाकी धुऊन झाली आहे. नळाचं पाणी आता बिनधास्त प्या."

वहिनींनी झटकन पर्स उघडली. आजच्या कागदावर होतं, टाकीत औषध टाकलं आहे, दुपारपर्यंत पाणी पिऊ नका.

त्यांना सगळं समजलं, हे मी समोरून पाहिलं. तरी त्या उठल्या नाहीत. दार उघडेल, ताई येतील, विनवतील, याची वाट बघत राहिल्या. घड्याळ माझ्या शेजारीच आहे, म्हणून सांगतो. पूर्ण चार मिनिटं.

मग "गोळी!" असं काहीतरी पुटपुटत त्या उठल्या आणि काचेवर मुठी आपटू लागल्या. "बंद कर ते!"

"पण तुमचा बिल्ला नाहीये तिथे," वायरमन म्हणाला.

"बिल्ला गेला खड्ड्यात! दार उघड!"

त्यांनी खरी सूचना वाचली. ती ऐकून ताई कचेरीतून धावत आल्या आणि तशाच घराकडे धावल्या. उशीर झाला होता. शेजारणीने नळाचा तांब्या भरून दिला होता, सासूबाईंनी गोळीबरोबर तो रिकामा केला होता. घसा भाजला, उलट्या झाल्या, तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले.

रविवारच्या सभेत ताई म्हणाल्या, "सगळा घोळ या फळ्याचा. उतरवा तो." अकरा हात वर झाले. कुणी माझी बाजू घेतली नाही. वहिनी तेवढ्या उठून म्हणाल्या, "फळ्याने काय केलंय? बसून राहिले ती मी." ताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. दोघी आजही एकमेकींशी बोलत नाहीत. मला उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, आणि यादी आता मोबाइलवर फिरते. तिच्यावरही भांडणं होतात, मला पाठीमागून ऐकू येतात.

सासूबाई घरी आल्या. रेडिओ अजून लावतात. पण सुनेचा आवाज आला की गोळी हातातच धरून शेजारणीला हाक मारतात, "अगं, हे आजचंच आहे ना?"

मित्रांनो, मला पुसू नका, रंग देऊ नका. तुमच्या मायेची मला गरज नाही. भांडायचं तर खुशाल भांडा, तुम्हाला दुसरं येतं तरी काय? फक्त हातात दुसऱ्याच्या जिवाचा कागद असेल, तर आधी तो वाचून टाका. रुसायला मागाहून पुष्कळ वेळ मिळतो.