शेजारची रिकामी सीट

श्रीरंजनीचे डोळे दुपारपासूनच चुरचुरायला लागत. एग्मोरच्या कचेरीत बसून ती दिवसभर टॅक्सीतल्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ पाही. कोण फोन बघतो, कोण पेंगतो, कोण सीटवर चाचपडतो. ती सांगेल ते मशीन शिकणार, आणि मशीन बोट दाखवेल त्या ड्रायव्हरची गाडी कंपनी काढून घेणार. चेहरे पुसलेले असत. त्यामुळे कुणाचं वाईट वाटून घ्यायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेवढं त्राणही उरलेलं नसे.

त्या आठवड्यात एक ड्रायव्हर सारखा समोर येत होता. ब्रेक दाबला की डावा हात स्टिअरिंग सोडून शेजारच्या रिकाम्या सीटपुढे आडवा! तिने जांभई देत दोनदा ‘वस्तू शोधणे’ असं ठोकून दिलं. तिसऱ्यांदा करंगळी दिसली, जॅकखाली सापडून वाकडी झालेली. ते अप्पा होते, तिचे वडील.

त्या सीटवर अम्मा बसायची. पट्टा लाव म्हटलं की रुसायची, म्हणून ब्रेकसरशी अप्पांचा हात तिच्यापुढे जायचा. अम्मा जाऊन वर्ष झालं होतं. हाताला मात्र अजून ते पटलेलं दिसत नव्हतं.

श्रीरंजनीने ‘सावध’ दाबलं, म्हणजे ड्रायव्हरची काही चूक नाही. तपासणीला बसलेले चंद्रमौळी खुर्ची ओढून जवळ आले.

“सीट रिकामी आहे. मग हा सांभाळतोय कुणाला?”

तिने सगळं सांगून टाकलं. त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा एकदा चालवून पाहिला.

“वाईट वाटतं गं. पण हात सुटला तो सुटलाच. उद्या समोर एखादं पोर आलं तर?”

त्यांचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तिने आपल्याच हाताने उत्तर बदललं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा कचेरीखाली उभे होते, रिकाम्या हातांनी.

“गाडी घेतले गे त्यांनी. हात सोडतों म्हणे. कोणता हात, कधी सोडलों, मला काय ठाऊक नाही.”

‘मीच सांगितलं’ हे तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. दोघं घराकडे जाणाऱ्या तिरुवल्लिकेणीच्या बसमध्ये बसली, अप्पा खिडकीशी. सिग्नलपाशी ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. ती पुढे आदळणार तोच वाकड्या करंगळीचा हात तिच्यापुढे आडवा आला. अप्पा बाहेरच बघत होते.

तिने तो हात घट्ट धरला आणि तिला रडू आवरेना.

“काय गे, लागलं का?” अप्पांनी विचारलं.