बांधलेला खोका

माझं तोंड फटकळ आहे, इथे बहारीनला गुदैबियात आमच्या बिल्डिंगीत कुणालाही विचारा. पण त्या दिवशी जिच्यावर ओरडायला हवं होतं ती मीच होते, आणि स्वतःवर ओरडायला माणसाला वेळ लागतो.

जानेवारी महिना. पाऊस असा की आभाळ फाटलंय, आणि त्यात तो उत्तरेचा बोचरा वारा. बहारीनची घरं सगळी उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली. आमच्या फ्लॅटमधला एक एसी दुरुस्तीला गेला होता, त्याच्या भोकाला नुसता पुठ्ठा लावलेला. रस्त्यांना गटारं नाहीत, चार थेंब पडले की दारात तळं. सकाळी नवाला लाईट गेली. म्हटलं, येईल दहा मिनिटांत. डोंबल येतेय!

घरात मी आणि अँब्रोज, दोघंच. एका फ्लॅटमध्ये आमची दोन बिऱ्हाडं, स्वयंपाकघर एक. एका खोलीत मी आणि माझे मालक, गुंडू, ते सलमाबादला एका गोदामाची गाडी चालवतात. दुसऱ्या खोलीत वसईची टेरेसा आणि तिचा नवरा कॉर्नेलियस, तो हॉटेलात. टेरेसा हॉस्पिटलात नर्स. अँब्रोज त्यांचा, दोन महिन्यांचा, पण दीड महिना आधीच आलेला. एवढासा, मांजराच्या पिल्लासारखा. मी त्याला अंबू म्हणायची. टेरेसा ड्यूटीवर जाताना मला बजावून गेली होती, "रत्नाताई, हीटर बंद करू नका हं. याचं अंग गार पडता कामा नये."

"अगं जा गं," मी म्हटलं. "मी पण एक पोर वाढवलंय."

वाढवलंय म्हणे! माझी शेवंती तीन वर्षं गावाला सासूबाईंकडे. सहा वर्षांची झाली. आठ दिवसांनी आम्ही जाणार होतो. लीव्ह मंजूर, तिकिटं हातात. कपाटावर खोका दोरीने आवळून ठेवलेला, वर ठळक अक्षरात मुक्काम पोस्ट. आत शेवंतीसाठी गुलाबांचं जाड ब्लँकेट. आम्ही इकडे पातळ चादरीत झोपतो आणि चांगली ब्लँकेटं गावाला नेतो. सगळेच तसं करतात.

आणि सगळे हेही म्हणतात, की बांधलेला खोका उघडला की जाणं राहतं. हसू नका. दोन वर्षांपूर्वी आमचा खोका असाच तयार होता. एक टॉर्च राहिली म्हणून मी दोरी सोडली, आणि चौथ्या दिवशी मालकांची लीव्ह रद्द. शेवंती एसटीच्या थांब्यावर दिवसभर बसून होती, असं सासूबाईंनी पत्रात लिहिलं. ते पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

तर अकराच्या सुमाराला वाऱ्याने पुठ्ठा उडवला आणि पाऊस सरळ टेरेसाच्या पलंगावर. गादी, पांघरुणं, बाळाची दुपटी, सगळं भिजलं. मी अंबूला उचलून माझ्या खोलीत आणलं, तर तिथे छत गळतंय, आमच्या चादरीही ओल्या. पाणी पुसता पुसता माझंही लुगडं चिंब. गॅस तेवढा चालू होता. तव्यावर फडकी गरम करायची, त्याच्याभोवती गुंडाळायची. गुंडाळेस्तोवर ती गार. खाली हमीदाकडे पळाले, तर तिच्या घरात पाणी शिरलेलं, दाराला कुलूप. हॉस्पिटलात न्यावं तर रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि एक टॅक्सी नाही.

आधी अंबू रडत होता. मग कुरकुरायला लागला. मग तेही बंद. दुधाची बाटली तोंडाला लावली तर ओठ हलेनात. पाय धरून बघितले, बर्फ.

मी वर बघितलं. खोका कोरडा होता.

मी काय करावं? सांगते. मी बसले. पोराला छातीशी धरून बसले आणि खोक्याकडे बघत राहिले. आता लाईट येईल. आता टेरेसा येईल. अजून एक फडकं गरम करू. देवा, मला एकदा जाऊ दे रे माझ्या पोरीकडे. एकदा! भिंतीवरचं घड्याळ सेलवर चालणारं, ते मेलं चालूच होतं. एक वाजला. मग दीड.

दीडला अंबूने मान टाकली.

त्यानंतर मी विळी घेतली आणि दोरी कापली. खोका खाली ओढताना सगळा फुटला, साबण, पावडरचे डबे घरभर. ब्लँकेट काढलं, स्वतःची ओली कापडं फेकली, पोराला उघडं करून उघड्या छातीवर घेतलं आणि दोघांवरून ब्लँकेट डोक्यापर्यंत ओढलं. आतल्या अंधारात त्याची पाठ चोळत होते आणि त्याला शिव्या देत होते. "रड रे मेल्या! रड! तुझ्या आयशीला काय तोंड दाखवू मी?"

किती वेळ गेला ठाऊक नाही. आधी बोटं हलली. मग त्याने असा भोंगा पसरला की मीही रडले.

चारला टेरेसा आली, कमरेपर्यंत भिजलेली. तिने पोराचे पाय चाचपले, दूध पिताना बघितलं, मग फुटलेला खोका बघितला. बांधलेल्या खोक्याचं तिलाही ठाऊक होतं. माझे हात धरून म्हणाली, "रत्नाताई, तुमचे उपकार..."

"गप बस!" मी ओरडलेच. "उपकार कसले? मी खोक्याकडे बघत बसले होते. पोर गार पडत होतं आणि मी बसले होते."

तिने माझे हात सोडले. "किती वेळ?"

"अर्धा तास."

तिने पोर ब्लँकेटसकट उचललं, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी मालक आले. खोका बघून मटकन खाली बसले. "खलास," म्हणाले. तुम्हाला म्हणून सांगते, ठरल्या तारखेला आम्ही गेलो. कुणी लीव्ह रद्द केली नाही, काही नाही. म्हणजे तो अर्धा तास मी कशासाठी घालवला?

पण ते नंतरचं. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी टेरेसाचे बूट वाजले तेव्हा मी दाराआड उभी राहिले. मनात म्हटलं, आता ही पोराला दुसरीकडे ठेवणार, आणि ठेवायलाच हवं.

दार वाजलं. टेरेसा युनिफॉर्ममध्ये, छातीशी अंबू. डोळे सुजलेले. तिने पोर माझ्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही.

"रत्नाताई, आज काही झालं तर थांबू नका."

"नाही थांबणार," मी म्हटलं.

मग तिने हात काढून घेतले आणि ड्यूटीवर गेली.