बुटक्या पायऱ्या

“आजी, तुम्ही बसनं वर या. आम्ही चालत पोचतोच,” शिट्टीवाले मास्तर म्हणाले.

“आजी कुणाला म्हणता? माझ्या डोक्यावर तुमच्यापेक्षा जास्त केस आहेत,” मी म्हटलं.

कड्याच्या पायथ्याशी जमलेली वीसेक माणसं हसली. थंडी अशी, की हसताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. फक्त माझी नात हसली नाही. तिनं माझा कोपर घट्ट धरला. तिला मी टिटवी म्हणते, कारण जन्मल्यापासून ती गप्प बसलेली नाही.

हिवाळ्यात दर रविवारी ही मंडळी कडा चढतात. आमच्या शहराचे दोन भाग, खालचा आणि वरचा, आणि मध्ये हा कडा भिंतीसारखा उभा. गाडीरस्ता लांबून वळसा घालतो. पायवाट सरळ जाते, आणि जिथे कडा अगदीच उभा आहे तिथे दगडी पायऱ्या आहेत. पुढच्या आठवड्यात त्या उखडून लोखंडी जिना बसवणार होते. म्हणून त्या पायऱ्यांचा हा शेवटचा रविवार.

पायऱ्या माझ्या नवऱ्यानं केलेल्या. मी त्यांच्यावर कधी पाय ठेवला नव्हता. ठेवणार नाही, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलेलं, आणि बोलले की बोलले. टिटवी तीन दिवस मागे लागली होती. “आजी, आजोबांच्या पायऱ्या आहेत, एकदा तरी चढ.” चौथ्या दिवशी मी जुने बूट काढून पुसले. तिला म्हटलं, “तुझ्या आजोबांनी किती वाईट काम केलंय ते बघून येते.”

एक सांगून टाकते. माझा उजवा गुडघा नीट वाकत नाही. लहानपणी शिडीवरून पडले तेव्हापासून. पण मी लंगडते असं माझ्या तोंडावर कुणी म्हटलेलं मला चालत नाही. एका शेजारणीनं म्हटलं होतं. तिच्याशी मी एकोणीस वर्षं बोलले नाही. ती वारली तेव्हा गेले, पण बोलले नाहीच.

पायवाट बरी होती. गवतावर पांढरं दव गोठलेलं, बुटाखाली कुरकुर वाजत होतं. पायऱ्या सुरू झाल्या तिथे मास्तरांनी शिट्टी फुंकली. शाळेतून निवृत्त झाले तरी शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती.

“बघा मंडळी, ही आपल्या शहराची गंमत! पायरी कशी, सात इंच हवी. ह्या आहेत पाच इंच. धड एकेक चढता येत नाही, धड दोन-दोन. कुठल्या शहाण्यानं केल्यात कोण जाणे!”

“प्यायलेला असणार,” कॅमेरा गळ्यात अडकवलेला एक जण म्हणाला. पुन्हा हशा.

टिटवीनं तोंड उघडलं. “अहो, माझे आजो...”

मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती कळवळली.

“गप्प.”

“आजी, पण ते...”

“गप्प म्हटलं ना. एकदा हसं झालंय, तेवढं पुरे.”

हसं म्हणजे काय झालं होतं, ते तिला माहीत नव्हतं. आमचे हे पाथरवट होते. कड्याच्या पायऱ्यांचं काम निघालं तेव्हा ह्यांच्या हाताखाली दोघं होते, आणि काम पुरं झालं की ह्यांना मुकादम करणार हे जवळजवळ ठरलेलं. मी तर गल्लीत सांगूनही बसले होते. शेवटी मोठे साहेब पट्टी घेऊन आले. नकाशात सात इंच, पायरी पाच इंच. खालपासून वरपर्यंत, एकूण एक. साहेब म्हणाले, चूक कशी झाली? हे म्हणाले, झाली. एवढंच. पुन्हा फोडायला वेळ नव्हता म्हणून पायऱ्या राहिल्या. मुकादम दुसराच झाला. ह्यांच्या हातात छिन्नी राहिली ती शेवटपर्यंत.

त्या संध्याकाळी मी दारात उभी राहून ह्यांना फैलावर घेतलं. “सात आणि पाच कळत नाहीत तुम्हाला? एवढं सोपं माप चुकतं माणसाचं?” शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. मला तेच हवं होतं, की चूक माझी नाही हे सगळ्यांना कळावं.

हे बूट काढत होते. म्हणाले, “कुणाला तरी चढायला बऱ्या पडतील.”

“कुणाला? लंगड्यांना?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन हात धुतले. बराच वेळ धुतले.

मी चढू लागले. बाकीच्यांची तारांबळ उडाली होती. कुणी दोन पायऱ्या एकदम घेई आणि ठेचकाळे, कुणी एकेक घेऊन वैतागे. मास्तर तर मोठ्यानं आकडे मोजत होते आणि सारखे चुकत होते. मी गुडघ्याची वाट बघत होते. घरात माडीच्या तिसऱ्या पायरीला तो बोलायला लागतो. इथे दहा झाल्या, वीस झाल्या, तो बोलेना. चाळिसाव्या पायरीला माझ्या लक्षात आलं की मी कठडा धरलेलाच नाही.

आणि पाय ओळखीचा पडत होता. रोज पडतो तसा.

आमच्या परसात कपड्यांची दोरी आहे. ती मला उंच पडते, म्हणून तिच्याखाली एक दगड आहे. पायऱ्यांचं काम सुरू होण्याआधी एक दिवस ह्यांनी तो दगड काढला आणि दुसरा ठेवला. मी ओल्या कपड्यांची बादली घेऊन चढले आणि ओरडले, “हा काय डोंगर ठेवलाय इथे?” दुसऱ्या दिवशी तिसराच दगड. पुन्हा ओरडले. जवळजवळ पंधरवडाभर रोज सकाळी वेगळा दगड. रोज मी चढायची, रोज ओरडायची. माझा आवाज काही कमी नाही. हे दारात पाठ करून चहा पीत बसायचे, एक शब्द नाही. मग एका सकाळी दगड ठीक वाटला. मी काही बोलले नाही. कपडे वाळत घातले आणि आत आले. तो दगड राहिला, तो आजही तिथेच आहे.

मी पायरीवर बसले. हात लावला. दगड बर्फासारखा गार होता. करंगळी टेकवून वीत ताणली, अंगठा पुढच्या पायरीच्या वर जाऊन हवेत राहिला. माप घ्यायची गरज नव्हती खरं तर.

“आजी, दुखतंय का?” टिटवी घाबरून म्हणाली.

“नाही.”

“मग बसलीस का?”

“दुखत नाही म्हणून.”

तिला काही कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प बसली.

कड्याच्या वर, अगदी टोकाला, माझ्या आईचं घर होतं. आता तिथे गाड्या उभ्या करायची जागा आहे. पायऱ्यांवरून तिची खिडकी दिसायची म्हणे. ‘म्हणे’ कारण हे सांगायचे. “चल की एकदा. अर्ध्या तासात आईकडे.” मी दोन बस बदलून जायची, तेही जमेल तेव्हा. ज्या सकाळी आईचं दुखणं जास्त आहे असा निरोप आला, त्या सकाळी रस्त्यावर बर्फ होता आणि बस बंद होत्या. हे कोट घालून उभे राहिले. “पायऱ्यांनी जाऊ. मी पुढं राख टाकत जातो, घसरायचं नाही.” मी म्हटलं, “त्या पायऱ्यांवर मी पाय ठेवायची नाही.” बस दुपारी सुरू झाल्या. मी पोचले तेव्हा आईचा चेहरा झाकलेला होता.

ह्यांनी तेव्हाही सांगितलं नाही. कसं सांगणार? सांगायचं म्हणजे आधी म्हणावं लागलं असतं, की तू लंगडतेस. ते म्हणायची सोय मी कुणाला ठेवली होती?

उठले. उरलेल्या पायऱ्या चढून वर आले तेव्हा मंडळी थर्मास उघडून चहा ओतत होती. बस समोर थांबलेली. मास्तर म्हणाले, “वा आजी! सॉरी, बाई. दम लागला नाही तुम्हाला? ह्या वेड्यावाकड्या पायऱ्यांनी आमचे तर पाय मोडले.”

“वेड्यावाकड्या नाहीत,” मी म्हटलं. “माझ्या नवऱ्यानं केल्यात. ते पीत नव्हते.”

कॅमेरावाल्यानं मान खाली घातली.

“चुकून नाही केल्या. माझ्या पायाच्या मापाच्या आहेत.” सत्तर वर्षं सगळ्या जगाला तासणारी जीभ, आणि दोन शब्द बाहेर येईनात. “मी लंगडते.”

टिटवी माझ्याकडे बघत होती. मास्तरांनी शिट्टीची दोरी गळ्यातून काढली आणि खिशात टाकली. मग आपल्या हातातला चहा माझ्यापुढे धरला. मी घेतला. साखर फार होती, पण तसं म्हटलं नाही.

मंडळी बसनं परत गेली. आम्ही दोघी पायऱ्यांनीच उतरलो. सावकाश, एकही न चुकवता.

घरी आले तर मोजे आणि शाल दवानं ओली झाली होती. परसात गेले. दगडावर चढले, एकेक मोजा दोरीला लावला. सवयीनं मान वळवून दाराकडे बघितलं. हे तिथे माझ्याकडे पाठ करून बसायचे. मला आपलं वाटायचं, ऐकत नाहीत.