एमोरीची परवानगी

सुवा शहरातल्या त्या मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभाग म्हणजे सिस्टर लोसालिनीचं राज्य होतं. डॉक्टर यायचे, शिकायचे, परदेशी निघून जायचे; लोसालिनी जागची हलली नाही. त्यातही मेंदूचे पेशंट तिच्या खास देखरेखीखालचे. पोटाचा पेशंट निदान कण्हतो, छातीचा खोकतो. मेंदूचा पेशंट बिचारा काहीच सांगत नाही, त्याचं सगळं आपणच बघून ओळखायचं असतं. टॉर्च मारल्यावर बाहुली कशी आकसते, चिमटा काढला तर हात कुठे वळतो, नळी साफ करताना ठसका लागतो की नाही. हे ओळखणं लोसालिनीला फार चांगलं जमायचं, आणि आपल्याला जमतं हे तिला त्याहून चांगलं ठाऊक होतं. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही," असं ती नव्या नर्सेसना ऐकवायची, आणि कुणाला त्यावर तोंड उघडायची सोय नव्हती.

खिडकीजवळच्या खाटेवर एमोरी होता. कांदावू बेटावरचा होडी बांधणारा, पन्नाशी ओलांडलेला, खाटेबाहेर पाय जातील इतका उंच माणूस. होडीला रंग देता देता जमिनीवर कोसळला होता. मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली होती. श्वास यंत्र देत होतं. झोपेचं औषध बंद करून बरेच दिवस झाले तरी तो कशालाच दाद देत नव्हता. डोळे उघडे असायचे, पण हात दाब म्हटलं तर बोट हलायचं नाही, जीभ दाखव म्हटलं तर तोंड हलायचं नाही. डोळे मिट म्हणून सांगावं, तर पापण्याही लुळ्या. रात्री त्या मलम लावून चिकटवाव्या लागत. रोज सकाळी लोसालिनी त्याच्या तक्त्यावर एकच ओळ लिहायची, 'सांगितलेलं करत नाही.' तिच्या त्या ओळीवर डॉक्टर अविनेशनी विश्वास ठेवला, ब्रिस्बेनहून मेंदूचे फोटो बघणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी ठेवला, गावच्या पाद्रीबाबांनी ठेवला, आणि सगळ्यांत शेवटी एमोरीच्या बायकोनं, नानिसेनं. आज सकाळी प्रार्थना झाली की यंत्र थांबवायचं ठरलं होतं.

घरचे लोक यायच्या आत माणूस नीट दिसायला हवा म्हणून लोसालिनीनं त्याला स्वतः पुसून काढलं. तिची आई कांदावूची, त्यामुळे तिकडचा प्रत्येक वयस्कर पुरुष तिचा मोमो, म्हणजे मामा. मामाच्या डोक्याला असा तसा हात लावायचा नसतो. डोकं हा माणसाचा मान. आधी 'तुलोऊ', म्हणजे 'माफ करा', म्हणायचं, क्षणभर थांबायचं, परवानगी मिळाली की मग पुढे. मरणाच्या दारातल्या माणसालाही ती हे चुकवत नसे. "तुलोऊ, मोमो," ती म्हणाली, थांबली, आणि मग तिनं त्याचे केस धुऊन भांग पाडला. भांग अगदी सरळ आला, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं.

नानिसे आली ती काखेत गुंडाळलेली चटई घेऊनच. तो गेल्यावर तिच्यात गुंडाळून घरी न्यायच्या तयारीनं तिनं ती आणली होती, म्हणून कुणी त्या चटईकडे बघत नव्हतं. तिच्यामागून वैसाले आला. वैसाले एमोरीचा आतेभाऊ, त्याचा तवाले. तवाले लोकांनी एकमेकांची जन्मभर टर उडवायची हा तिथला रिवाज, आणि या दोघांनी तो जरा जास्तच मनावर घेतलेला. आज मात्र वैसालेच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. हातात फुलांची माळ होती. ती खाटेमागच्या खांबाला अडकवायला म्हणून तो एमोरीच्या डोक्यावरून सरळ वाकला.

"अहो! डोक्यावरून हात नेता आणि तोंडानं काही म्हणत नाही?" लोसालिनी कडाडली. "आधी विचारा त्यांना!"

"कुणाला विचारू, सिस्टर?" वैसालेचा आवाज चिरकला. "आयुष्यभर ह्याच्या डोक्यात टपल्या मारल्या, तेव्हा नाही विचारलं. आता विचारलं तर हा काय उत्तर देणार आहे?"

"न द्यायला काय झालं? मला रोज देतात. आत्ता केस धुताना नाही का दिल—"

लोसालिनीचं वाक्य तिथंच तुटलं. तिचा हात हवेत राहिला.

त्या बेटांवर 'हो' म्हणायला कुणी तोंड उघडत नाही. भुवया वर जातात, खाली येतात, झालं. दुकानदार तेच करतो, बसवाला तेच करतो, शाळेतलं पोर बाईंपुढे तेच करतं. लोसालिनी दिवसभरात किती वेळा करत असेल ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. तिनं 'तुलोऊ' म्हटलं की एमोरीच्या भुवया वर जायच्या, तिच्याही उत्तरादाखल वर जायच्या, आणि ती कामाला लागायची. यात बघण्यासारखं, तक्त्यावर लिहिण्यासारखं काय होतं? सभ्य माणसं असंच करतात. जिच्या नजरेतून काही सुटत नाही तिच्या नजरेसमोर तो माणूस रोज 'हो, हो' म्हणत होता.

तिनं त्याच्या कपाळाकडे डोळे लावले. "तुलोऊ, मोमो."

कपाळावर आडव्या रेघा उमटल्या. भुवया वर गेल्या, खाली आल्या. तिच्या स्वतःच्या भुवयाही लगेच वर गेल्या, आणि या वेळी ते तिला जाणवलं.

"ए मुली," ती शेजारच्या खाटेपाशी उभ्या नर्सला म्हणाली, "तुलोऊ म्हटल्यावर हे तुम्हालाही उत्तर देतात?"

"देतात की," ती नर्स म्हणाली. "फार सभ्य आहेत मोमो."

लोसालिनीला हसावं की तिला एक ठेवून द्यावी ते कळेना. ती स्वतः धावत जाऊन डॉक्टर अविनेशना घेऊन आली. अविनेश बा नावाच्या गावचा, हुशार आणि सावध तरुण होता, आणि अशा सकाळी कुणी आशा घेऊन धावत आलं की त्याला भीती वाटायची.

"सिस्टर, घरच्यांसमोर असं काही बोलू नका," तो हळूच म्हणाला. "नुसती भुवई हलणं म्हणजे जाग नव्हे. सतरा वेळा तपासलंय मी. हात दाबत नाही, काही नाही."

"हात हलतच नसेल तर दाबणार कशानं? आपण दोघांनी त्यांना नुसते हुकूम सोडले, डॉक्टर. साधा प्रश्न विचारला का कधी?"

"बरं. पण 'हो' एकटं पुरणार नाही. जिथं 'हो' यायला नको तिथं ते येता कामा नये. असं काहीतरी विचारा, की ज्याचं खरं उत्तर घरच्यांना पक्कं माहीत आहे."

वैसाले पुढे सरकला. जुनी सवय आपोआप वर आली. "एमोरी, नाताळच्या शर्यतीत माझी होडी पहिली आली. बरोबर ना?"

कपाळ ढिम्म हललं नाही.

"मग तुझी आली का, चोरा?"

भुवया वर गेल्या.

"मी देखणा की तू? मी ना?"

काही नाही.

"तू?"

भुवया अशा ताडकन वर गेल्या की नानिसेनं चटई टाकून दोन्ही हात तोंडावर नेले. वैसाले मोठ्यानं हसला, हसता हसता रडायला लागला. "हाच तो! दुसरा कुणी असूच शकत नाही. एवढा उर्मट माणूस अख्ख्या कांदावूत नाही!"

अविनेश एमोरीच्या डोळ्यांच्या उंचीला यावं म्हणून खाटेजवळच्या खुर्चीत बसला. त्यानं त्याला सगळं स्वच्छ सांगितलं. गुठळी कुठे आहे, काय गेलं आहे, हातपाय परत येतील असं वचन देता येत नाही, गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल, पोटात अन्नाची नळी लागेल. आज यंत्र थांबवायचं ठरलं होतं, हेही त्यानं लपवलं नाही. "पण आता ते आम्ही ठरवू शकत नाही," तो म्हणाला. "तुम्ही ठरवायचं."

नानिसे नवऱ्यावर ओणवी झाली. "तुला राहायचंय ना रे? माझ्याजवळ राहायचंय ना?"

"थांबा, काकू," अविनेशनं घाईघाईनं तिला अडवलं. "असं नका विचारू. आपल्याकडे समोरच्याला 'नाही' म्हणतं कोण? दुखतंय का विचारलं तरी पेशंट हो म्हणतो, दुखत नाही ना विचारलं तरी हो म्हणतो. तुमचं तोंड बघून ते हो म्हणतील. मला त्यांचं स्वतःचं उत्तर हवंय."

लोसालिनीनं मान डोलावली. एकदा चूक झाली होती, आता दुसरी होऊ द्यायची नव्हती.

"खरं आहे," नानिसे डोळे पुसत म्हणाली. "लग्न झाल्यापासून ह्यानं मला कधी नाही म्हटलेलं नाही. हो म्हणायचा, आणि करायचा मनातलं." तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि तिची नजर वैसालेवर थांबली. "तू विचार. तुला मात्र हा भिडेखातर कधीच हो म्हणाला नाही."

"मी?" वैसाले मागे सरला. "मला नुसती टवाळी येते. असल्या गोष्टी पाद्रीबाबांनी विचाराव्यात."

"पाद्रीबाबांना तर ते नक्कीच हो म्हणतील," लोसालिनी म्हणाली. "तुम्हीच विचारा. जसं बोलता तसंच बोला. आणि दोन्ही बाजूंनी विचारा."

वैसालेनं नाक पुसलं. खाटेचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"ऐक रे. इतके दिवस सगळं ऐकत पडला होतास म्हणे, तर हेही ऐक. हात गेले. पाय गेले. होडीत परत चढशील असं हा डॉक्टर म्हणत नाही. गळ्याला भोक पाडतील, तुझं ढुंगण दुसरं कुणीतरी धुईल. मी रोज इथं बसून डोकं खाणार, आणि तुला मला गप्प बस म्हणता येणार नाही. दमला असशील तर सांग. माझ्यापुढे कसली लाज? गावात सगळ्यांच्या तोंडावर मी सांगेन की तूच म्हणालास, कुणी तुझ्या बायकोला बोल लावणार नाही." तो आणखी खाली वाकला. "जायचंय तुला?"

यंत्र श्वास देत राहिलं. एमोरीचे डोळे वैसालेवर खिळले होते. लोसालिनीनं त्याच्या कपाळावरची नजर हटवली नाही. कपाळ हललं नाही.

"आता दुसऱ्या बाजूनं," अविनेश कुजबुजला.

"मग राहायचंय?" वैसाले म्हणाला. "हे असं? असंच?"

भुवया वर गेल्या. आणि वरच राहिल्या. कपाळावरच्या सगळ्या रेघा ताणल्या गेल्या, थरथरायला लागल्या, लुळ्या पापण्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं, तरी त्या खाली येईनात.

"हो म्हणतायत," लोसालिनी मोठ्यानं म्हणाली, कुणाला शंका राहू नये म्हणून.

"कळलं रे, कळलं," वैसाले कठड्यावर डोकं टेकून हुंदके देत होता. "खाली घे आता."

पण एमोरी भुवया खाली घेईना.